तोलाचा आकडा किती खरा? वयस्क रुग्णांच्या तोल-चाचण्या भरवशाच्या कशा कराव्यात

सोमवारी एका आजोबांचा बर्ग स्केलवरचा, म्हणजे तोल मोजण्याच्या ५६ गुणांच्या चाचणीवरचा, स्कोअर ४१ आला. पुढच्या सोमवारी दुसऱ्या थेरपिस्टने तीच चाचणी घेतली, स्कोअर आला ४४. केसपेपरवर 'तोल सुधारला' असे लिहायचे का? इतक्यात नाही. तीन गुणांची ही वाढ आजोबांच्या पायांत आलेल्या बळामुळे झालेली असेल, किंवा वेगळी खुर्ची, सकाळऐवजी दुपारची वेळ, दुसऱ्या थेरपिस्टचा थोडा सैल हात यांमुळेही झालेली असेल. यातले नेमके काय झाले हे नुसत्या आकड्याकडे बघून कळत नाही. ते कळावे म्हणून चाचणीआधी, चाचणी चालू असताना आणि नंतर काय काय करायचे, ते रिहॅब वॉर्डात किंवा ओपीडीत नव्याने काम सुरू करणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी आणि इंटर्नसाठी पुढे दिले आहे.

पायरी १: आयसीसीला भुलू नका

तोल मोजण्याच्या कुठल्याही चाचणीबद्दल वाचले की पहिला आकडा दिसतो तो आयसीसीचा, म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन कोएफिशंटचा. चाचणीची विश्वासार्हता सांगणारा, साधारण शून्य ते एक अशा पट्टीवरचा हा आकडा. २०१६ साली कू आणि ली यांनी सुचवलेली वर्गवारी आज सर्रास वापरली जाते: ०.५ च्या खाली कमकुवत, ०.५ ते ०.७५ मध्यम, ०.७५ ते ०.९ चांगली, ०.९ च्या वर उत्तम. बर्ग स्केलवरच्या अभ्यासांचा २०१३ साली एक एकत्रित आढावा झाला. त्यात दोन वेगवेगळ्या परीक्षकांमधली विश्वासार्हता ०.९७ आणि एकाच परीक्षकाची ०.९८ निघाली. हे वाचले की नवखा थेरपिस्ट निर्धास्त होतो. फसगत होते ती इथेच.

आयसीसी सांगते ते इतकेच की ही चाचणी रुग्णांना एकमेकांपासून किती नीट वेगळे ओळखते. रुग्णांमध्ये आधीच खूप फरक असेल, म्हणजे कुणी अंथरुणाला खिळलेला आणि कुणी जिना चढणारा, तर चाचणीत बरीच चूक होत असली तरी आयसीसी चढा येतो. सगळे रुग्ण साधारण सारखे असतील तर तीच चाचणी, तेवढ्याच चुकीसह, कमी आयसीसी दाखवते.

हिशोब करून पाहा. मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एसईएम, काढण्यासाठी गटाच्या प्रमाण विचलनाला, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनला, (१ वजा आयसीसी) याच्या वर्गमुळाने गुणायचे असते. एका वॉर्डात बर्ग स्कोअरचे प्रमाण विचलन ८ आणि आयसीसी ०.९५ आहे. दुसऱ्या वॉर्डात प्रमाण विचलन ४ आणि आयसीसी ०.८० आहे. दोन्हीकडे एसईएम येते १.७९ गुण. कागदावर पहिल्या वॉर्डाची चाचणी 'उत्तम' आणि दुसऱ्याची 'चांगली' ठरली, पण एका रुग्णाच्या स्कोअरमधली चूक दोन्हीकडे अगदी सारखी आहे.

म्हणून रोजच्या कामाला उपयोगी पडतो तो पुढचा आकडा: किमान शोधता येणारा बदल, म्हणजे एमडीसी. ९५ टक्के खात्रीसाठी एसईएमला २.७७ ने गुणायचे (१.९६ गुणिले दोनाचे वर्गमूळ). वरच्या उदाहरणात तो ४.९६ येतो, म्हणजे ५ गुण. दोन चाचण्यांमधला फरक ५ पेक्षा कमी असेल तर तो निव्वळ मापनातल्या डगमगीनेही येऊ शकतो. लेखात आयसीसी दिली आहे आणि एसईएम किंवा एमडीसी दिलेली नाही, असे दिसले तर आपल्या रुग्णापुरता तो लेख अर्धाच समजावा.

पायरी २: रुग्ण पाहून चाचणी निवडा

पाच चाचण्या घेऊन रुग्णाला दमवण्यापेक्षा एक किंवा दोन नीट घ्या.

बर्ग बॅलन्स स्केल १९८९ साली कॅनडात कॅथरीन बर्ग आणि सहकाऱ्यांनी मांडले, तेही वयस्क लोकांसाठीच. १४ कृती, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ५६. वेळ १५ ते २० मिनिटे. साहित्य अगदी घरगुती: स्टॉपवॉच, पट्टी, हातांची एक आणि बिनहातांची एक अशा दोन खुर्च्या, एक पायरी किंवा स्टूल. आधाराशिवाय बसणे, उभे राहणे, बिछान्यावरून खुर्चीत जाणे इथपासून सुरुवात होत असल्यामुळे फार अशक्त रुग्णाला हे स्केल चांगले लागू पडते. चालण्याची एकही कृती त्यात नाही. बऱ्यापैकी हिंडणाऱ्या माणसाला ५३-५४ सहज मिळतात आणि मग वर जायला जागाच उरत नाही. अशा रुग्णाची सुधारणा बर्गवर दिसणारच नाही, तुम्ही कितीही काळजीपूर्वक घ्या.

टाइम्ड अप अँड गो, आपल्या बोलण्यातली 'टग', १९९१ साली पॉडसिआडलो आणि रिचर्डसन यांनी मांडली. खुर्चीतून उठणे, तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे आणि त्याला लागलेले सेकंद. वॉकर किंवा काठी चालते. त्यामुळे चालू शकणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना ही घेता येते. मात्र कुठे बिघडते आहे हे ती सांगत नाही. उठताना, चालताना की वळताना, ते तुमच्या डोळ्यांनीच टिपावे लागते.

मिनी-बेस्टेस्ट २०१० सालची. १४ कृती, प्रत्येकीला ० ते २, एकूण २८. फोमवर डोळे मिटून उभे राहणे, धक्का बसल्यावर पाऊल टाकून सावरणे, चालताना मान वळवणे असे बर्गमध्ये नसलेले बरेच काही यात आहे. बर्गवर ५० च्या वर गेलेल्या रुग्णाला हीच घ्या. एक जुना घोळ लक्षात ठेवा. एका पायावर उभे राहणे आणि बाजूला पाऊल टाकून सावरणे या दोन कृती डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी घेतात, पण गुण धरायचे ते कमी आलेल्या बाजूचेच. काही जुन्या लेखांत दोन्ही बाजू मोजून एकूण ३२ धरलेले आहेत. तो आकडा तुमच्या २८ शी ताडून पाहू नका.

टिनेटीची चाचणी (१९८६, तोलाचे १६ आणि चालीचे १२, एकूण २८ गुण) अजून बऱ्याच ठिकाणी वापरात आहे. तिच्या एकाहून अधिक आवृत्त्या फिरत असतात, म्हणून फॉर्मवरचे एकूण गुण आधी बेरीज करून पाहा. एसपीपीबी, म्हणजे शॉर्ट फिजिकल परफॉर्मन्स बॅटरी (१९९४, ० ते १२ गुण), तोल, चाल आणि पाच वेळा उठबस एकत्र मोजते. चाळणी म्हणून ती सोयीची आहे.

पायरी ३: खोली लावा, आणि मग हलवू नका

सर्वाधिक चूक इथे शिरते आणि सर्वांत स्वस्तात दुरुस्त होते तीही इथेच.

*खुर्ची.* टगच्या मूळ वर्णनातल्या खुर्चीची बैठक सुमारे ४६ सेंटिमीटर उंच आणि हात असलेली आहे. आपल्या ओपीडीतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या वजन पडले की फाकतात, गुळगुळीत फरशीवर मागे सरकतात, आणि रुग्णाला उठताना भीती वाटते. गादी लावलेली खुर्ची माणूस बसल्यावर पाच-सात सेंटिमीटर दबते आणि उठणे अवघड होते. लाकडी किंवा लोखंडी, घट्ट बैठकीची एक खुर्ची निवडा, टेपने उंची मोजा, मागच्या बाजूला ठळक अक्षरांत 'चाचणीची खुर्ची' लिहा आणि भिंतीला टेकवून ठेवा. खुर्ची वेटिंग रूममध्ये गेली की परत येत नाही, हे गृहीत धरूनच तिची जागा ठरवा.

*तीन मीटर.* खुर्चीच्या पुढच्या पायांपासून मोजा आणि रंगीत पट्टी चिकटवा. फरशा मोजून अंदाज करू नका, कारण दोन फुटी फरशी ६० सेंटिमीटरची असते आणि पाच फरशा म्हणजे तीन मीटर हे गणित पहिली फरशी कापलेली असली की चुकते. पट्टीवर वळायचे की शंकूला वळसा घालायचा, हेही एकदाच ठरवा. शंकूला वळसा घालताना रुग्ण जास्त अंतर चालतो, पट्टीवर जागच्या जागी वळताना जास्त डगमगतो. दोन्हींचे सेकंद एकमेकांशी ताडता येत नाहीत.

*पायरी आणि पट्टी.* बर्गमध्ये स्टुलावर आळीपाळीने पाय ठेवायचा असतो. एका खोलीत १५ सेंटिमीटरचा पाट आणि दुसऱ्या खोलीत २० सेंटिमीटरचे स्टूल असेल तर गुणांत फरक पडणारच. पुढे हात लांबवण्याच्या कृतीसाठी पट्टी भिंतीवर पक्की लावा, एका सहकाऱ्याने हातात धरलेली पट्टी रुग्णाबरोबर हलते. शिवाय इथे एक गफलत वारंवार होते. बर्गमध्ये बोटे सरळ ठेवून बोटांच्या टोकांचे अंतर घेतात आणि धड पिळले जाऊ नये म्हणून शक्यतो दोन्ही हात पुढे करायला सांगतात. १९९० सालच्या स्वतंत्र फंक्शनल रीच चाचणीत मूठ वळून, मधल्या बोटाच्या मुळाच्या सांध्यापासून मोजतात. एकीची पद्धत दुसरीत घुसली की पाच-सहा सेंटिमीटर कुठून आले ते कुणालाच कळत नाही.

*फोम.* मिनी-बेस्टेस्टला मध्यम घनतेचा, १० सेंटिमीटर जाडीचा फोम लागतो. गादीवाल्याकडून कापून आणलेला फोम बहुतेकदा जास्त मऊ असतो आणि काही महिन्यांत मधोमध बसतो. त्यावर उभे राहणे कधी सोपे तर कधी अवघड होत जाते आणि तुम्हाला वाटते रुग्णच बदलला. पालथा-उलटा करून वापरा, महिन्यातून एकदा मधली जाडी मोजा, दबलेला फोम टाकून द्या.

*पायात काय?* टग मूळ पद्धतीत रोजच्या पादत्राणांसह घेतात. आपल्याकडे रोजचे पादत्राण म्हणजे अनेकदा झिजलेली रबरी चप्पल, आणि घरात तर अनवाणीच. चप्पल घसरत असेल तर ती चाचणीत घालू देऊ नका. अनवाणी घेतली तर तसे लिहा आणि पुढच्या वेळीही अनवाणीच घ्या. साडी असेल तर निऱ्या घोट्याच्या वर येतील इतपत पिनेने खोचायला सांगा. पावलाला पाऊल जोडून उभे राहण्याच्या कृतीत पाय दिसले नाहीत तर गुण अंदाजाने पडतात. चष्मा आणि कानाचे यंत्र नेहमी असेल तर तेही लावलेले हवे.

पायरी ४: शब्द ठरवून घ्या

इंग्रजी फॉर्म हातात आणि सूचना तोंडाला येईल त्या मराठीत, असे चालत आले आहे. त्यात एक थेरपिस्ट म्हणतो 'पटकन जाऊन या', दुसरा म्हणतो 'जपून, सावकाश'. एकाच आजींचे सेकंद यामुळे बदलतात. टग नेहमीच्या चालीने घ्यायची असते. सूचना एका कागदावर लिहून भिंतीवर लावा आणि शब्दशः तीच म्हणा. उदाहरणार्थ:

'आजोबा, मी "चला" म्हटलं की खुर्चीतून उठा. तुमच्या रोजच्या चालीनं त्या लाल पट्टीपर्यंत जा, वळा, परत या आणि पाठ टेकून बसा. शर्यत नाही.'

वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या रुग्णाला त्याच्या बोलीत सांगायला हरकत नाही, पण 'रोजच्या चालीनं' हा मुद्दा सुटता कामा नये. घड्याळ 'चला' या शब्दावर सुरू करा, ढुंगण उचलल्यावर नाही. थांबवायचे ते पाठ टेकल्यावर की बूड टेकल्यावर, हे विभागात एकदाच ठरवा. पार्किन्सन्सच्या रुग्णाला सूचना ऐकल्यापासून उठेपर्यंतच दोन-तीन सेकंद जाऊ शकतात, त्यामुळे घड्याळ कधी सुरू झाले यावर त्याचा सारा निकाल ठरतो.

नातेवाइकांना खोलीबाहेर बसवा, किंवा निदान गप्प राहायला प्रेमाने सांगा. 'आई, हळू! खाली बघ!' अशी हाक आली की रुग्ण थबकतो, मान खाली घालतो, आणि ती फेरी बाद धरावी लागते.

मिनी-बेस्टेस्टमधली शेवटची कृती आपल्याकडे खास अडचणीची आहे. चालता चालता तीन-तीन वजा करत उलटे मोजायचे असते, आणि त्यामुळे चाल १० टक्क्यांहून अधिक मंदावली तर एक गुण कमी होतो. शाळेत न गेलेल्या आजींना हे गणित बसूनही जमणार नाही. मग अनेक जण वार उलटे म्हणायला सांगतात. तसे करा, पण काय सांगितले ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी तेच द्या, आणि प्रकाशित आकड्यांशी ती कृती ताडून पाहण्याचा मोह टाळा.

पायरी ५: रुग्णाची वेळ आणि अवस्था

व्यायामानंतर लगेच चाचणी नको. सकाळी घेतली असेल तर पुन्हाही सकाळीच घ्या. पार्किन्सन्ससाठीची लेव्होडोपा चालू असेल तर शेवटची गोळी किती वाजता घेतली ते विचारा आणि दुसरी चाचणी गोळीनंतर तितक्याच वेळाने घ्या. एरवी तुम्ही तोल मोजत नाही, गोळीचा अंमल मोजता. झोपेची गोळी, नवी बीपीची गोळी, रात्रीचे जागरण यांचीही नोंद हवी. उठल्यावर चक्कर येते अशी तक्रार असेल तर पाच मिनिटे आडवे झोपवून बीपी घ्या, मग उभे केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर त्या दिवशी चाचणी थांबवून डॉक्टरांना कळवा.

टगमध्ये पहिली फेरी सरावाची असते, ती मोजायची नाही. हे टाळले तर दुसऱ्या दिवशीची 'सुधारणा' फुकटात मिळते.

पायरी ६: हात कुठे ठेवायचा, गुण कसे द्यायचे

रुग्ण पडता कामा नये, ही पहिली अट. कमरेला गेट बेल्ट, म्हणजे तोल गेला तर रुग्णाला धरता येईल असा पट्टा, बांधा, कमजोर बाजूला किंचित मागे उभे राहा, हात बेल्टपासून चार बोटे अंतरावर ठेवा. नवखे थेरपिस्ट काळजीपोटी रुग्णाच्या पाठीला हलकेच बोटे लावून ठेवतात. बोटाचा इतका हलका स्पर्शसुद्धा, ज्यात वजन पेलण्याइतका जोर नसतो, शरीराची डोलण्याची हालचाल कमी करतो. मेंदूला आपण कुठे आहोत याची खूण मिळते. त्यामुळे स्पर्श झाला तर तो आधार धरूनच गुण द्यायचे. याच कारणाने वॉकरला मांडी टेकवून उभा राहिलेला रुग्णही 'आधाराशिवाय' उभा नाही.

बर्गचा मूळ नियम असा: लागू पडणारी सर्वांत खालची पायरी नोंदवा. 'जवळजवळ जमलं' म्हणून वरचा गुण द्यायचा नाही. जिथे थेरपिस्टांमध्ये हमखास मतभेद होतात त्या कृती सांगतो.

उठून उभे राहणे: हात न वापरता ४, हात वापरून पहिल्याच प्रयत्नात ३. स्वतःच्या मांडीवर हात टेकवून उठणे म्हणजेही हात वापरणेच.

३६० अंश वळणे: दोन्ही बाजूंना ४ सेकंदांत किंवा कमी वेळात जमले तर ४, एकाच बाजूला जमले तर ३, सुरक्षित पण सावकाश असेल तर २. डोळ्यांनी 'पटकन वळला' असे ठरवू नका, घड्याळ लावा.

स्टुलावर आळीपाळीने पाय: आठ पावले २० सेकंदांत ४ गुण, आठ पावले पण २० हून जास्त सेकंद लागले तर ३. पावले मोजायला आणि घड्याळ बघायला एकच माणूस असेल तर मोजणी चुकते, म्हणून पावले मोठ्याने मोजा.

हात पुढे लांबवणे: २५ सेंटिमीटरला ४, १२ ला ३, ५ ला २. टाच उचलली गेली किंवा पाऊल पुढे पडले तर पुन्हा घ्या.

एका पायावर: १० सेकंदांहून जास्त ४, ५ ते १० सेकंद ३, ३ सेकंद किंवा अधिक २. कुठला पाय ते रुग्णाने ठरवायचे. म्हणूनच कुठला पाय निवडला ते लिहा. पहिल्या वेळी उजवा आणि दुसऱ्या वेळी डावा निवडला तर तुलना राहत नाही.

एखादी कृती धोक्याची वाटून घेतली नाही तर ० द्या आणि शेजारी 'घेतली नाही' असे लिहा. रिकामी जागा सोडली की बेरीज करणारा पुढचा माणूस स्वतःच्या मनाने काहीतरी भरतो.

पायरी ७: आपल्याच विभागाची चूक मोजा

पुस्तकातली एमडीसी दुसऱ्यांच्या खुर्चीची आणि दुसऱ्यांच्या हातांची असते. टगचेच उदाहरण घ्या. मूळ अभ्यासात, डे हॉस्पिटलच्या रुग्णांवर, आयसीसी ०.९९ निघाली. पुढे कॅनडातल्या वृद्धांच्या एका मोठ्या अभ्यासात, २००० साली, पुनर्चाचणीची आयसीसी ०.५६ निघाली. पार्किन्सन्समध्ये तर एका अभ्यासात टगची एमडीसी ३.५ सेकंद आहे आणि दुसऱ्यात ११ सेकंद. नाव एकच, पण रुग्ण, दोन चाचण्यांमधला अवधी आणि पद्धत वेगळी. म्हणून आपला आकडा आपणच काढावा. लागतो फक्त कागद, कॅल्क्युलेटर आणि दोन दिवस.

प्रकृती स्थिर असलेले १५ ते २० रुग्ण निवडा. चालीत विविधता असू द्या. प्रत्येकाची चाचणी दोनदा घ्या. अवधी त्याच दिवशी अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर, किंवा दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ठेवा. आठवडाभर थांबू नका, कारण रिहॅबमधला रुग्ण तेवढ्यात खरोखर बदलतो. दुसऱ्या परीक्षकाला पहिला स्कोअर दिसता कामा नये. व्हिडिओ दाखवून दोघांचे गुण ताडणे सोपे असते आणि शिकण्यासाठी चांगलेही, पण त्यात फक्त गुण देण्यातला फरक दिसतो. खुर्ची, सूचना आणि हात यांतली चूक व्हिडिओत दोघांसाठी एकच असते, म्हणून ती लपते.

समजण्यासाठी आठच रुग्णांचे काल्पनिक सेकंद घेऊ. पहिली फेरी: १४.२, १८.६, २२.१, ३१.५, १२.८, २६.०, १७.४, २०.३. दुसरी फेरी: १३.५, १८.९, २०.४, २८.२, १२.९, २४.१, १७.०, १९.६. पहिल्यातून दुसरी वजा करा: ०.७, उणे ०.३, १.७, ३.३, उणे ०.१, १.९, ०.४, ०.७.

या फरकांची सरासरी १.०४ सेकंद आहे. म्हणजे दुसऱ्या वेळी जवळजवळ सगळेच जलद झाले. हा सरावाचा परिणाम, आणि बहुधा सरावाची फेरी घेतलेली नाही. फरकांचे प्रमाण विचलन १.२० येते. त्याला दोनाच्या वर्गमुळाने भागले की एसईएम ०.८५ सेकंद, आणि प्रमाण विचलनालाच १.९६ ने गुणले की एमडीसी २.३ सेकंद. आता फरक पुन्हा पाहा. सर्वांत मोठा फरक, ३.३, सर्वांत सावकाश रुग्णाचा आहे. टगमध्ये असे नेहमी होते: जितका वेळ जास्त, तितकी डगमगही जास्त. त्यामुळे १२ सेकंदवाल्याला आणि ३० सेकंदवाल्याला एकच एमडीसी लावू नका. २० सेकंदांच्या आतले आणि बाहेरचे, असे दोन गट वेगळे मोजा.

छापण्याजोगा अभ्यास करायचा असेल तर किमान ३० रुग्ण आणि ३ परीक्षक घ्या, असे कू आणि ली सुचवतात. आयसीसीचे सूत्र कुठले वापरले तेही तिथे लिहावे लागते, कारण त्याचे अनेक प्रकार आहेत आणि उत्तरे वेगळी येतात. विभागातल्या तपासणीला इतका खटाटोप नको. वर्षातून एकदा, आणि नवे इंटर्न आले की, तेवढे पुरे.

पायरी ८: फरकाचा अर्थ लावा

आता सुरुवातीच्या आजोबांकडे या. वयस्कांमध्ये बर्गची एमडीसी पहिल्या स्कोअरनुसार बदलते, असे २००९ सालच्या एका अभ्यासात दाखवले आहे. पहिला स्कोअर ४५ ते ५६ असेल तर ४ गुण, ३५ ते ४४ असेल तर ५, २५ ते ३४ असेल तर ७, आणि ० ते २४ असेल तर ५. ही पट्टी टेबलाच्या काचेखाली ठेवा. आजोबा ४१ वर होते, म्हणजे ५ गुण हवे होते, मिळाले ३. फरक मापनाच्या चुकीच्या आतच आहे. 'बदल नाही' असेही लिहू नका. 'बदल अजून खात्रीने सांगता येत नाही' हेच बरोबर.

तोलाचे विकार असलेल्या रुग्णांवरच्या २०१३ सालच्या अभ्यासात बर्गची एमडीसी ६.२ गुण आणि मिनी-बेस्टेस्टची ३.५ निघाली. रुग्णाला स्वतःला जाणवेल असा बदल अनुक्रमे ७ आणि ४ गुणांचा होता. टिनेटीसाठी एका माणसात किमान ५ गुणांचा फरक धरावा. अल्झायमरच्या रुग्णांत टगचा ४.०९ सेकंदांहून कमी फरक मोजू नये, कारण सूचना लक्षात राहण्यातच रोज फरक पडतो.

एक गोष्ट नव्यांनी पक्की धरावी. चाचणी भरवशाची असली म्हणून ती पडण्याचे भाकीत करते असे नाही. बर्गचा ४५ हा आकडा 'वर सुरक्षित, खाली धोका' असा सर्रास वापरतात, आणि ते चुकते. ४५ च्या वरचे कित्येक जण पडतात. टगच्या १२ किंवा १३.५ सेकंदांचेही तेच. घरात मोरी ओली आहे का, रात्री लघवीला किती वेळा उठतात, गेल्या वर्षी किती वेळा पडले, हे विचारल्याशिवाय नुसत्या स्कोअरवर घरी जाण्याचा निर्णय देऊ नका.

पायरी ९: नोंद

नुसता आकडा लिहू नका. पुढचा परीक्षक तुमची चाचणी जशीच्या तशी पुन्हा घेऊ शकला पाहिजे, इतके लिहा. नमुना असा:

'टग: १९.४ सेकंद, सरावाच्या एका फेरीनंतर. सकाळी १०.१५, लेव्होडोपा ९ वाजता. चाचणीची खुर्ची, ४६ सेंमी. उजव्या हातात काठी. अनवाणी. पट्टीवर वळण. देखरेख, स्पर्श नाही. वळताना ५ पावले, डावीकडे डगमग. विभागाची एमडीसी २.३ से. मागील: २१.० से. फरक १.६, खात्रीचा नाही. पुनर्चाचणी ७ दिवसांनी, त्याच वेळी.'

शतांश सेकंद लिहायची गरज नाही, स्टॉपवॉच दाबणारा अंगठा तितका अचूक नसतो. बर्गची मात्र नुसती बेरीज न लिहिता १४ ही गुण ओळीने लिहा. ४१ चे ४४ झाले तेव्हा ते तीन गुण वळण्यात वाढले की खुर्चीतून उठण्यात, हे तिथूनच कळेल. तिन्ही गुण एकाच जागी, उठण्या-बसण्यात वाढलेले दिसले, तर आधी त्या दिवशीची खुर्ची कुठली होती ते विचारा.